मासा दमतो, भोपळा दमत नाही

“सावली, मास्तर, सावली. सावली पाण्यावर पडली का मरळ गेलीच म्हणून समजा. तिचे डोळे डोक्यावर हायेत, तुमच्या-माह्यासारखे समोर नाईत. ऊन आपल्या तोंडावर पाह्यजे, पाठीवर नाई. डोळे दिपतात तं दिपू द्या. इकडं सरका. आखीन. हां. आता बसा अन् बोलू नोका.”

“मी कुठं बोललो?” नारायणराव मास्तर म्हणाले.

“हे काय मंग. बोललेच ना.”

मास्तरांनी ओठ मिटले, मांडीवरची वही उघडली, तिच्यात ‘सावली’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. पैनगंगेच्या काठी, बाभळीच्या बुडाशी दोघं उकिडवे बसले होते. समोर म्हसोबाचा डोह. माघातलं निवळशंख, हिरवट पाणी. डोहाच्या मधोमध एक वाळका दुधी भोपळा तरंगत होता. त्याच्या मानेला अंबाडीची दोरी, दोरी वीस हात, दोरीच्या शेवटी लोहाराकडून ठोकून घेतलेला गळ, आणि गळाला पाठीच्या कातडीतून ओवलेला जिता बेडूक.

न बोलण्याचा नेम होता तो फक्त मास्तरांना. उकंडरावांचं तोंड सकाळच्या मोटेसारखं चालू होतं. आपल्या बोलण्यानं मासे पळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तीस वर्षं ऐकून ऐकून त्या डोहातल्या मासोळ्यांना त्यांची सवय झाली असावी. जनकाबाईला, त्यांच्या बायकोला, झाली होती तशी.

“थंडीच्या दिसात सकाळी येऊच नोका. सकाळी ती गाळात पडेल राह्यते, तिले उठूशी वाटत नाई. माणसासारखीच हाय. दुपारी ऊन तापलं का मंग वर येते. अन् येतेच. बाकीच्या मासोळ्या पाण्यातच दम घेतात, पण मरळीले आपल्यावानी वरची हवा लागते. घटका-अर्ध्या घटकानं वर येते, गुळूप करते, जाते. जिथी एक गुळूप झालं तिथीच दुसरं होईन. जागा सोडत नाई. तुमाले गुळूप दिसलं का बेडूक तिथी न्या, तिच्या तोंडावर टाकू नोका, वीतभर बाजूले टाका. तोंडावर टाकलेलं कोणी खात नाई. आपल्याले सापडलं असं तिले वाटलं पाह्यजे.”

मास्तर लिहीत होते.

“अन् आखाडात पाण्यावर पिलांचं लाल झुंबड दिसलं, तं त्या मरळीच्या वाटेले जायचं नाई. तवा ती काडीलेही चावते. कोणालेही धरता येईन. पण ते म्हंजे बाळंतीण एकटी पाहून घरात चोरी करणं हाय. मी नाई करत.”

“आणि हा भोपळा कशासाठी? काठीला दोरी बांधून चालत नाही?”

या प्रश्नाची उकंडराव सकाळपासून वाट पाहत होते. त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेत सारली. “काठीले बांधा, झाडाले बांधा, मोठी मरळ एक झटका देते अन् दोरी तुटते. भोपळा झटका घेतच नाई. तिनं ओढलं का जाते, तिनं सोडलं का वर येते. ती पुन्हा ओढते, हा पुन्हा येते. दुपारभर हेच. मासा दमतो, मास्तर. भोपळा दमत नाई. दमली का पाण्यात जाऊन भोपळा उचलायचा, बस. फक्त एक ध्यानात ठेवा. जे गेलं तं बायको बोलन, असं काई दोरीले बांधायचं नाई.”

वाऱ्याची झुळूक आली. भोपळा पाण्यावर हलला आणि त्याच्या पोटात खुळखुळ झाली.

“आत बी वाजतंय का हो?” मास्तर म्हणाले.

उकंडराव त्या दिवसात पहिल्यांदा गप्प बसले. मग म्हणाले, “वाजू द्या. मरळीले आवाज आवडते.”

मास्तरांनी तेही लिहून घेतलं. तेवढ्यात गावातून शाळेचा टोला ऐकू आला. मधली सुट्टी संपली होती. मास्तर धोतर झटकत उठले आणि म्हणाले, “उद्या याच वेळी येतो. पण मासा दाखवा, उकंडराव. नुसतं ऐकूनच वही भरत आली.”

“दाखवतो ना,” उकंडराव म्हणाले.

महाराष्ट्र होऊन तिसरं वर्ष चालू होतं. बाजारात शेर जाऊन किलो आला होता. उकंडरावांची मरळ मात्र अजून शेरातच भरत होती, कारण शेरानं आकडा जरा मोठा येतो. मेहकरच्या खालच्या अंगाला, नदीला लागून त्यांचा दीड एकराचा मळा. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि पाणी ओसरलं की नदीच्या रेतीत वेलांची वाडी. वरचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि सुइणीनं परक्याचं पोर म्हणून उचलून आणलं. म्हणून नाव उकंडा. त्याला पुढं राव लागला तो मरळीमुळं, असं ते सांगत. जनकाबाई सांगायची, वय झालं की सगळ्यांलेच लागते.

जनकाबाई उंद्रीची. तिच्या माहेरी मासोळी चालत नव्हती आणि सासरी येऊनही तिनं ती चालू दिली नाही. मासोळीचं गाडगं घराबाहेर, लिंबाच्या फांदीला टांगलेलं असायचं. उकंडरावांनी मासा आणावा, बांधावर तीन दगड मांडावेत, स्वतः चिरावा, स्वतः शिजवावा, स्वतः खावा आणि तोंड धुऊन घरात यावं. तीस वर्षं हाच कायदा. नवरा मासे धरतो यावर तिचा राग नव्हता. तो त्यावर बोलतो, यावर होता.

आता त्या भोपळ्याचं.

माळ्याच्या घरी दरसाल एक दुधी तोडत नाहीत. वेलावरच जून होऊ देतात, वाळवतात आणि आढ्याला टांगतात. बी त्याच्या पोटातच राहतं. कोरडं, कीड नाही, उंदीर नाही. रथसप्तमी झाली की फोडायचा आणि लावायचा. जनकाबाईच्या आढ्याला जो भोपळा होता त्याचं बी तिनं लग्नात उंद्रीहून पदराच्या गाठीत आणलं होतं. लांब मानेचा, किंचित वाकडा, वैशाखाच्या उन्हातही कडू न होणारा दुधी. मेहकरच्या बाजारात बाया टोपल्यांत हात घालून विचारत, जनकाबाईचा आला का. उंद्रीला भावांनी वेलाची जागा कपाशीत घातली होती. म्हणजे ते बी आता जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण त्या दुपारी म्हसोबाच्या डोहावर तरंगत होतं.

उकंडरावांचा मासोळीचा भोपळा वेगळा होता. पण दोन दिवसांपूर्वी बैलानं त्याच्यावर पाय दिला आणि त्याला चीर गेली. इकडं मास्तरांना शब्द दिलेला. जनकाबाई मिरच्या तोडायला गेलेली. उकंडरावांनी आढ्याकडं पाहिलं आणि हिशेब केला: बी आत, पाणी बाहेर, दुपारी न्यायचा, दिवसाउजेडी आणायचा, भोपळ्याचं काय जातं.

मास्तर शाळेत पोचलेही नसतील, तेवढ्यात मरळ लागली.

भोपळा आधी नुसता थरथरला. मग मान खाली घालून पाण्यात गेला, दहा हातांवर वर आला, पुन्हा गेला. खुळखुळ, गुळूप, खुळखुळ. उकंडराव उभे राहिले. पलीकडच्या काळ्या खडकाजवळ तिनं एकदा कूस पालटली तेव्हा ती त्यांना दिसली. मांडीएवढी जाड, पाठ काळी, पोट पितळी. तीस वर्षांत तेवढी दिसली नव्हती. आणि पाहायला कोणी नव्हतं. उकंडरावांनी शाळेच्या दिशेनं वळून पाहिलं. रस्त्यावर एक म्हैस होती.

ते परत वळेपर्यंत भोपळा खडकाकडं निघाला होता. खडकाखाली पाण्यातच एक कपार आहे, आत गेलं की छत उंच होतं. मरळ आत शिरली, भोपळा तिच्यामागं ओढला गेला आणि खुळखुळ थांबली. मरळ थोड्या वेळानं बाहेर आली, गुळूप करून गेली. पुन्हा आली. दोरी तिच्या तोंडातच होती. भोपळा मात्र वर येईना. तो आत छताला जाऊन टेकला होता. ज्या गुणासाठी दोरीला बांधला त्याच गुणानं अडकला होता.

उकंडराव छातीभर पाण्यात गेले. हात पोचेना. ऊन कललं, अंगावर काटा आला. भोपळ्याला देठाजवळ एक बारीक भोक असतं हे त्यांना तेव्हा आठवलं. ज्या माणसानं जन्मभर दुधी पिकवले त्याला हे सकाळी आठवायला हवं होतं. पण सकाळी तो माळी नव्हता, मरळ धरणारा होता.

संध्याकाळी जनकाबाई गोठ्यात असताना त्यांनी चीर गेलेला भोपळा घेतला, त्यात मूठभर तूर टाकली, चिरेला शेण लावलं, चीर भिंतीकडं करून आढ्याला टांगला आणि तीन भाकरी खाऊन झोपले.

सकाळी जनकाबाई केर काढताना थांबली. तिनं काठीनं भोपळ्याला ढोसलं. मग पुन्हा ढोसलं.

“काहो,” ती म्हणाली, “दुधीचं बी चपटं राह्यते ना?”

“हाव,” उकंडराव तंबाखू मळत म्हणाले.

“चपटं बी सरकते. सर्र सर्र वाजते. हे तं टणटण उड्या मारून राह्यलं.”

“थंडीनं वाळलं असन.”

जनकाबाईनं भोपळा खाली काढला, शेणाचा पोपडा नखानं उडवला आणि हातावर उपडा केला. हातात तूर आली.

“भोपळ्यात तूर कवापासून पिकाले लागली?”

“उंदरानं नेली असन आत.”

“अन् उंदरानं वरून सारवलं.”

उकंडरावांनी तंबाखू दाढेत ठेवली. आता तोंड भरलेलं होतं, त्यामुळं जास्त बोलावं लागणार नव्हतं. “डोहात हाय,” ते म्हणाले. “खडकाच्या कपारीत. म्या दुपारीच आणणार होतो.”

जनकाबाईनं कुडाला खोचलेला विळा काढला आणि म्हणाली, “चला.”

ती पुढं, उकंडराव मागं, असे दोघं डोहावर पोचले. पाणी तापेपर्यंत थांबू, असं उकंडराव म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, “बी भिजून राह्यलं, तुमी ऊन शेका.” तेवढ्यात खडकाजवळ गुळूप झालं.

“हाय अजून,” उकंडराव खुलले.

“कोण?”

“मरळ.”

“मी बियाचं पाहून राह्यली.”

उकंडरावांनी तरी बेत सांगितला. आपण बुडी मारायची, कपारीत दोरी कापायची, दोरीचं टोक जनकाबाईच्या हातात द्यायचं, मग भोपळा काढायचा. भोपळाही येतो, मरळही येते, आणि दुपारी मास्तर येतात.

“मी मासोळीची दोरी धरत नाई.”

“दोरी हाय ते वो. अंबाडीची. आपल्याच धुऱ्या-बांधावरची.”

“तिच्या दुसऱ्या टोकाले काय तुळस हाय?”

उकंडरावांनी धोतर, बंडी, टोपी काठावर ठेवली. अंगावर उरली लंगोटी, आणि ती ज्याच्यात खोचली होती तो कमरेचा करगोटा. दातात विळा धरून ते पाण्यात शिरले. पाणी असं की बोलणंच बंद झालं. जनकाबाईनं ते सुखानं ऐकलं.

पहिल्या बुडीत खडक सापडला. दुसरीत कपार. दर बुडीनंतर हुडहुडी जाईपर्यंत उन्हात बसावं लागे, त्यामुळं शाळेचा दुपारचा टोला होऊन गेला तेव्हा ते तिसऱ्या बुडीत होते. हात छताला लावत लावत आत गेला आणि भोपळ्याच्या वाकड्या मानेला लागला. साबूत होता. त्यांनी विळ्यानं दोरी कापली आणि विळा पुन्हा दातात धरला. भोपळा सुटला, पण तो छताच्या खोबणीत असा बसला होता की दोन्ही हातांनी खाली दाबल्याशिवाय निघणार नव्हता. आणि डाव्या हातात दोरी होती. दोरीच्या त्या टोकाला तिनं मान हलवली. उकंडरावांना ती खांद्यापर्यंत जाणवली.

शहाण्या माणसानं दोरी सोडली असती. जनकाबाई वरून तेच सांगत होती, पण पाण्याखाली ऐकू येत नाही. आलं असतं तरी उपयोग नव्हता. उकंडरावांनी दोरीचं टोक कमरेच्या करगोट्याला बांधलं, चांगली दोन गाठींनी, आणि दोन्ही हातांनी भोपळा खाली ओढला. भोपळा निघाला, त्यांना घेऊन वर निघाला, आणि त्याच वेळी मरळीनं झटका दिला.

करगोटा म्हणजे काही भोपळा नव्हे. तो मागच्या पोळ्याला बांधलेला होता, घामानं कुजलेला. त्यानं झटका घेतला आणि तुटला.

उकंडराव डोक्यानं पाणी फोडून वर आले, भोपळा छातीशी. चार पावलं काठाकडं चालले, पाणी कमरेच्या खाली आलं, तेव्हा त्यांना कळलं की करगोटा एकटा गेला नव्हता. त्यांनी छातीवरचा भोपळा खाली घेतला. बाभळीच्या पलीकडं, डोहाच्या वळणावर, पाठीवर ऊन घेत नारायणराव मास्तर वही धरून उभे होते.

“मिळाली का मरळ?” मास्तरांनी विचारलं.

जनकाबाईनं तोंडाला पदर लावला होता. पदराआडून ती म्हणाली, “मास्तर, सावली पाण्यावर पडून राह्यली तुमची. मांगं सरका. अजून मांगं. अन् तोंड उन्हाकडं करा.”

मास्तरांनी नेमाप्रमाणं तोंड फिरवलं. नेमकं तेव्हाच डोहाच्या मधोमध मोठं गुळूप झालं. उकंडरावांची डोहाकडं पाठ होती, मास्तरांची आत्ताच झालेली. मरळ अर्धी वर आली, आणि तिच्यामागं दोरी, दोरीला करगोटा, करगोट्याला पांढरं फडकं अशी वरात दिसली आणि गेली. पाहिली ती एकट्या जनकाबाईनं.

पुढं हे मेहकरच्या बाजारापर्यंत गेलं. पैनगंगेत एक मरळ लंगोटी नेसून फिरते, तिच्याशी मर्यादेनं वागावं, असं लोक उकंडरावांना सांगू लागले. कोणी विचारी, मरळ तुमी धरली का मरळीनं तुमाले. उकंडराव शपथेवर सांगत, पाच शेरांची होती, माझ्या घरच्यांनी पाहिली, विचारा. लोक टोपल्यांमागं बसलेल्या जनकाबाईला विचारत. ती वांगी रचता रचता म्हणे, “मी नाई बाप्पा पाह्यली. मी भोपळ्याकडं पाह्यत होती.”

पण ते पुढं. त्या दुपारी उकंडराव धोतर नेसेपर्यंत जनकाबाईनं काठावरच बसून भोपळा कानाशी हलवला. तो वाजला नाही. तिनं विळ्यानं मान उडवली. देठाच्या भोकातून रातभर पाणी झिरपून आतला वाळका गर भिजला होता, आणि बी सगळं ओलं, एकमेकांना चिकटलेलं. उकंडराव टाचेवर बसून पाहत राहिले. मास्तरांनी वही मिटली.

जनकाबाईनं एक बी उचललं, अंगठ्यानं दाबलं, टोकाशी नखानं खरवडून पाहिलं, दातात धरलं. मग दुसरं.

“कुजलं?” उकंडरावांनी विचारलं.

“कुजलं नाई. फुगलं. मी रथसप्तमी झाल्यावर रातभर भिजत घालणार होती, तुमी चार दिस आधी घातलं.” तिनं बी ओच्यात ओढायला सुरुवात केली. “पण आता हे थांबत नाई. वाळवलं तं मरते, ठेवलं तं सडते. आजच्या आज मातीत गेलं पाह्यजे.”

“रथसप्तमीच्या आधी?”

“रथसप्तमी सूर्याची हाय. बियाची नाई. आळे किती झाले वाडीत?”

उकंडरावांनी डोहाकडं पाहिलं. “दोन.”

“बारा पाह्यजेत. हातभर खोल. शेणखत मी आणते.”

बी ओच्यात घेऊन ती गेली. जाता जाता तिनं रिकामा भोपळा मास्तरांच्या हातात दिला. “घ्या. तुमाले शिकायचं हाय ना. हा आता वाजत नाई.”

नदीच्या रेतीत वाडी आखलेली होती. उकंडरावांनी कुदळ घेतली आणि तिसऱ्या आळ्याला सुरुवात केली. ओल्या अंगाला रेती चिकटत होती, धोतर पुन्हा पुन्हा सुटत होतं, कारण कमरेला ते धरायला काही नव्हतं. मास्तर मान उडालेला भोपळा काखेत मारून आळ्याच्या काठावर बसले. शाळेचा टोला व्हायला अजून वेळ होता.

“गाठ कोणती मारली होती?” त्यांनी विचारलं.

“गाठ पक्की होती. दोरीही पक्की होती. लिहा.”

मास्तरांनी लिहिलं. मग हळूच म्हणाले, “खरंच मोठी होती का हो?”

उकंडराव थांबले. हा प्रश्न असा होता की त्याचं उत्तर तोंडानं देता येत नाही. त्यांनी दोन्ही हात पसरायला म्हणून कुदळ खाली ठेवली. बांधावरून जनकाबाई शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन येत होती. ती पाटी डोक्यावर तशीच धरून उभी राहिली.

“सांगतो,” उकंडराव म्हणाले, आणि कुदळ उचलून चौथं आळं खणू लागले.